फक्त पाहायचं, पण नीट पाहायचं : आंतरराष्ट्रीय निवडणूक निरीक्षकांचे काम



निवडणुकीची ड्युटी म्हणजे काय, हे आपल्यापैकी बहुतेक शिक्षकांना वेगळं सांगायला नको. आदल्या दिवशी साहित्य मोजून घ्यायचं, मिळेल त्या गाडीने केंद्र गाठायचं, पहाटे उठून मॉक पोल घ्यायचा, दिवसभर यादी, शाई आणि सह्या सांभाळायच्या आणि शेवटी १७ सी भरून मतदान प्रतिनिधींना त्याची प्रत द्यायची. पालकांनी हेच दृश्य टेबलाच्या दुसऱ्या बाजूने, रांगेत उभं राहून पाहिलेलं असतं.

आता एक कल्पना करा. केंद्र सुरू आहे, रांग पुढे सरकते आहे आणि दोन परदेशी माणसं आत येतात. गळ्यात ओळखपत्र, हातात फॉर्म. ती नमस्कार करतात, केंद्राध्यक्षांना चार प्रश्न विचारतात, कोपऱ्यात उभी राहून अर्धा तास सगळं पाहतात, काहीतरी लिहितात आणि आभार मानून निघून जातात. हुकूम देत नाहीत, कुणाला रागावत नाहीत, कशालाही हात लावत नाहीत. आपल्याकडे असा प्रसंग येत नाही, पण जगातल्या बऱ्याच देशांत प्रत्येक निवडणुकीला येतो. ही माणसं म्हणजे आंतरराष्ट्रीय निवडणूक निरीक्षक. त्यांतली पुष्कळशी आपली नोकरी, व्यवसाय बाजूला ठेवून काही दिवसांसाठी आलेली स्वयंसेवक असतात.

दहावीच्या राज्यशास्त्रात 'निवडणूक प्रक्रिया' हे प्रकरण आपण शिकवतो. निवडणूक कोण घेतं, कशी घेतं हे मुलांना कळतं. पण एखादा हुशार मुलगा हमखास विचारतो, "पण निवडणूक खरी झाली, हे कुणी ठरवायचं?" हा प्रश्न टाळू नका. आजचा पाठ त्यासाठीच आहे.

१. निरीक्षक म्हणजे कोण, आणि कोण नाही?

'निरीक्षक' हा शब्द आपल्याकडे वेगळ्या अर्थाने रुळलेला आहे, म्हणून आधी घोळ मिटवू. भारताचा निवडणूक आयोग मतदारसंघात जे निरीक्षक पाठवतो, ते वरिष्ठ सरकारी अधिकारी असतात. त्यांना अधिकार असतात. ते आले की केंद्रावर सगळे सावरून बसतात, हे तुम्हाला माहीतच आहे. आंतरराष्ट्रीय निरीक्षकाला असा कोणताही अधिकार नसतो. तो यजमान देशाच्या निमंत्रणावरून किंवा परवानगीने येतो, पाहतो आणि आपला अहवाल जाहीर करतो. बस, एवढंच.

दुसरा गट म्हणजे पाहुणे. आपला आयोग परदेशांतल्या निवडणूक संस्थांच्या प्रतिनिधींना आपली निवडणूक बघायला बोलावतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत २३ देशांतून असे ७५ प्रतिनिधी आले होते. त्यांचे छोटे गट करून त्यांना सहा राज्यांत नेण्यात आलं. त्यांत महाराष्ट्र आणि गोवाही होते. पण हे लोक शिकायला, समजून घ्यायला येतात. निवडणुकीवर निवाडा देणं हे त्यांचं काम नसतं.

तिसरा गट प्रत्यक्ष निवडणूक घेणाऱ्यांचा. आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक पार पाडली आणि त्यानंतर १९५३ मध्ये सुदानच्या निवडणूक आयोगाचं अध्यक्षपद सांभाळलं. त्या आयोगात सुदानी, इजिप्शियन, ब्रिटिश आणि अमेरिकन सदस्य होते. नुकतीच पहिली निवडणूक घेतलेल्या देशाच्या माणसाला दुसऱ्या देशाने हे काम द्यावं, ही गोष्ट मुलांना जरूर सांगा. मात्र सेन तिथे निवडणूक *घेत* होते. आपला आजचा माणूस निवडणूक फक्त *पाहतो*.

२. थोडा इतिहास

परक्या देशांनी मतदानावर लक्ष ठेवण्याचं सर्वांत जुनं उदाहरण म्हणून १८५७ सालच्या मोल्दाविया आणि वालाकिया या प्रांतांतल्या मतदानाचा उल्लेख केला जातो. आज हा भाग बहुतांशी रुमानियात येतो. तिथे युरोपीय सत्तांच्या संयुक्त आयोगाने देखरेख केली होती. पण ही पद्धत जगभर पसरली ती १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून.

मे १९८९ मधली पनामाची गोष्ट पाहा. तिथे लष्करी सत्ताधीश नोरिएगा यांच्या पाठिंब्याचा उमेदवार उभा होता. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर निरीक्षक म्हणून गेले होते. चर्चच्या मदतीने स्थानिक लोकांनी निवडक केंद्रांवरच्या मतमोजणीचे आकडे गोळा केले. विरोधी उमेदवाराला जवळपास तिप्पट मतं दिसत होती. सरकारी मोजणीत मात्र भलतेच आकडे वाचले जाऊ लागले. कार्टर यांनी तिथल्या अधिकाऱ्यांना तोंडावर जाब विचारला आणि मग पत्रकार परिषद घेऊन जगाला सांगितलं, की लोकांचा कौल चोरला जातो आहे. दोनच दिवसांत सरकारने निवडणूकच रद्द करून टाकली. म्हणजे निरीक्षकाने सत्य सांगितलं, तरी सत्ता बदलली नाही. पण 'आम्हीच जिंकलो' असं म्हणायची सोय मात्र राहिली नाही.

१९९० मध्ये कोपनहेगन इथे युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या देशांनी ठरवलं, की एकमेकांच्या निरीक्षकांना निवडणुकीसाठी निमंत्रण द्यायचं. हे देश ज्या संघटनेत आहेत तिला ओएससीई म्हणतात. तिचे आज ५७ सदस्य देश आहेत आणि तिचं निवडणुकीचं काम वॉर्सा इथल्या कार्यालयातून चालतं. पुढे २७ ऑक्टोबर २००५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्कमधल्या मुख्यालयात आंतरराष्ट्रीय निरीक्षणाची तत्त्वं आणि निरीक्षकांची आचारसंहिता मान्य झाली. आज बहुतेक जबाबदार संस्था ती पाळतात.

३. युक्रेन, २००४ : एकच निवडणूक, तीन वेळा मतदान

हा सगळा विषय मुलांना एका उदाहरणातून समजावायचा असेल, तर मी युक्रेनची २००४ ची अध्यक्षीय निवडणूक घ्या असं सुचवेन.

पहिली फेरी ३१ ऑक्टोबरला झाली. विरोधी पक्षाचे युश्चेंको आणि पंतप्रधान यानुकोविच या दोघांनाही साधारण ३९-३९ टक्के मतं मिळाली. कुणालाच अर्ध्याहून जास्त मतं नाहीत, म्हणून २१ नोव्हेंबरला दोघांत दुसरी फेरी झाली. अधिकृत निकाल असा लागला : यानुकोविच ४९.४६ टक्के, युश्चेंको ४६.६१ टक्के. (बेरीज शंभर का होत नाही, असं मुलं विचारतील. आपल्याकडे 'नोटा' आहे तसा तिथल्या मतपत्रिकेवरही 'सर्वांच्या विरोधात' हा पर्याय होता आणि काही मतपत्रिका बाद झाल्या.)

पण निरीक्षकांच्या वह्यांत दुसरंच चित्र होतं. आपल्या केंद्राऐवजी दुसरीकडे मत देण्याची मुभा देणारे दाखले वापरून लोकांना बसमधून एका केंद्रावरून दुसऱ्या केंद्रावर नेलं जात होतं. घरी मतपेटी नेऊन घ्यायच्या मतदानाचं प्रमाण काही भागांत विश्वास बसणार नाही इतकं जास्त होतं. आणि डोनेत्स्क या पूर्वेकडच्या प्रांतात पहिल्या फेरीत सुमारे ७८ टक्के असलेलं मतदान दुसऱ्या फेरीत एकदम ९६ टक्क्यांच्या वर गेलं होतं.

इथे जरा थांबा आणि मुलांना विचारा : ९६ टक्के मतदान ही आनंदाची गोष्ट नाही का? आपणच तर 'मतदान वाढवा' म्हणून प्रभातफेऱ्या काढतो! मग संशय का घ्यायचा? उत्तर साधं आहे. यादीत नुकतेच वारलेले लोक असतात, कामासाठी परगावी गेलेले असतात, दवाखान्यात असलेले असतात. एखाद्या छोट्या वाडीत ९६ टक्के मतदान होऊ शकतं. लाखो मतदारांच्या संपूर्ण प्रांतात, तीनच आठवड्यांत असा उंच उडीचा आकडा आला, तर तो तपासायलाच हवा. गणित आणि नागरिकशास्त्र एकमेकांना भेटतात ते इथे.

दुसऱ्या दिवशी, २२ नोव्हेंबरला, ओएससीईच्या निरीक्षक पथकाने जाहीर केलं, की ही फेरी लोकशाही निवडणुकीच्या अनेक कसोट्यांना उतरलेली नाही. त्याच सुमारास कीव्ह शहराच्या मैदान चौकात लाखो लोक थंडीत उभे राहिले होते. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सुनावणी लोकांनी टीव्हीवर पाहिली. ३ डिसेंबरला न्यायालयाने दुसरी फेरी रद्द केली आणि २६ डिसेंबरला ती पुन्हा घ्यायला सांगितली. एक गोष्ट नीट लक्षात घ्या : निवडणूक निरीक्षकांनी रद्द केली नाही. ती युक्रेनच्या न्यायालयाने, युक्रेनच्या लोकांनी आणलेल्या पुराव्यांवर रद्द केली. परदेशी निरीक्षकांची नोंद त्या पुराव्यांच्या शेजारी उभी राहिली, इतकंच.

आता स्वयंसेवक येतात ते या टप्प्यावर. २६ डिसेंबर म्हणजे नाताळचा दुसरा दिवस. तरीही या फेरीसाठी बारा हजारांहून अधिक परदेशी निरीक्षकांची नोंद झाली. एकट्या कॅनडाने माजी पंतप्रधान जॉन टर्नर यांच्या नेतृत्वाखाली सुमारे ५०० जणांचं पथक पाठवलं. कॅनडात युक्रेनी वंशाचे लोक मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांच्यातलेही कितीतरी जण त्या पथकात होते. विचार करा, सणाच्या दिवशी घर सोडून, कडाक्याच्या थंडीत, दुसऱ्या देशातल्या एखाद्या शाळेच्या खोलीत दिवसभर उभं राहायचं. बदल्यात प्रवास आणि राहण्या-जेवणाचा खर्च. हो, शाळेच्या खोलीत. तिकडेही मतदान केंद्रं बहुधा शाळांतच असतात!

निकाल लागला : युश्चेंको जवळपास ५२ टक्के, यानुकोविच सुमारे ४४ टक्के. ओएससीईच्या पथकाने सांगितलं, की ही फेरी लोकशाही कसोट्यांच्या पुष्कळ जवळ आली.

या गोष्टीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग मात्र पुढेच आहे. फेरमतदानात डोनेत्स्कमधलं मतदान बरंच खाली आलं. पण तिथे मतं कुणाला पडली? पुन्हा यानुकोविच यांनाच, आणि तीही ९० टक्क्यांहून अधिक! म्हणजे त्या प्रांतात त्यांना असलेला पाठिंबा खरा होता. खोटा होता तो वरून चढवलेला फुगवटा. निरीक्षकाला दोन्ही लिहावं लागतं. 'एक बाजू चोर, दुसरी साव' असं लिहून तो मोकळा होऊ शकत नाही. हरणाऱ्या माणसालाही ज्यांनी खरोखर मत दिलं, त्यांचं मतही त्याला तितकंच जपावं लागतं.

४. निरीक्षकाचा एक दिवस

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते पाहू. ओएससीईची पद्धत उदाहरणादाखल घेऊ.

पथकात तीन प्रकारचे लोक असतात. राजधानीत कायदा, प्रसारमाध्यमं, आकडेवारी अशा विषयांच्या जाणकारांचा मुख्य गट. देशभर विखुरलेले दीर्घकालीन निरीक्षक, जे काही आठवडे आधी येऊन प्रचार, मतदार यादी, तक्रारी यांच्याकडे लक्ष देतात. आणि मतदानाच्या आसपास आठवडाभर येणारे अल्पकालीन निरीक्षक. स्वयंसेवकांची मोठी संख्या या शेवटच्या गटात असते.

दोन निरीक्षकांची एक जोडी असते आणि ते दोघं शक्यतो वेगवेगळ्या देशांचे असतात. का बरं? एकाच देशाच्या दोघांचे समज सारखे असू शकतात. शिवाय, एकाला दिसलं ते दुसऱ्यालाही दिसलं का, हे तिथल्या तिथे तपासता येतं. सोबत स्थानिक दुभाषी आणि वाहनचालक. दिवस साधारण असा जातो :

• पहाटे, केंद्र उघडण्याआधी : मतपेटी रिकामी आहे हे सर्वांना दाखवलं का? सील सगळ्यांसमोर लावलं का?

• दिवसभर : साधारण दहा केंद्रं. प्रत्येक ठिकाणी अर्धा तास. ओळखपत्र तपासतात का? मतदाराला एकट्याला मत देता येतं का? मतपेटीजवळ नको ती माणसं उभी आहेत का? उमेदवारांचे प्रतिनिधी आत आहेत का, त्यांना नीट दिसतं का? अपंग मतदाराला आत येता येतं का?

• मतदान संपल्यावर : एका केंद्रावर थांबून मतमोजणी पाहायची. न वापरलेल्या मतपत्रिका आधी मोजून बाद केल्या का? प्रत्येक मत सर्वांना दिसेल असं दाखवलं का? निकालपत्रक केंद्राबाहेर लावलं का?

• रात्री : निकालपत्रक वरच्या कार्यालयात नेलं जातं तेव्हा मागोमाग जायचं आणि केंद्रावर लिहिलेला आकडाच तिथे नोंदला गेला का, ते पाहायचं. यात पुष्कळदा पहाट होते.

प्रत्येक केंद्रासाठी एक फॉर्म. बहुतेक प्रश्नांची उत्तरं 'होय' किंवा 'नाही'. शेवटी एकंदर मत : फार चांगलं, चांगलं, वाईट, फार वाईट. असे हजारो फॉर्म राजधानीत पोहोचतात, त्यांचं गणित मांडलं जातं आणि बहुधा मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी प्राथमिक निवेदन जाहीर होतं. सविस्तर अहवाल काही आठवड्यांनी येतो आणि त्यात पुढच्या निवडणुकीसाठी सूचना असतात.

म्हणून एकट्या निरीक्षकाला 'निवडणूक छान झाली' किंवा 'घोटाळा झाला' असं पत्रकारांना सांगायची मुभा नसते. त्याने दहा केंद्रं पाहिलेली असतात. २००४ मध्ये युक्रेनमध्ये केंद्रं होती सुमारे ३३ हजार. दहा केंद्रांवरून देशाबद्दल बोलणं म्हणजे एका बाकावरच्या दोन मुलांची वही तपासून अख्ख्या शाळेचा निकाल लावण्यासारखं आहे.

५. चुकीचं दिसलं तरी हात का लावायचा नाही?

मुलांना हा नियम पटत नाही, आणि खरं तर मोठ्यांनाही पटत नाही. समजा, डोळ्यांसमोर एक माणूस मतपत्रिकांचा गठ्ठा पेटीत कोंबतो आहे. निरीक्षकाने काय करायचं? धावत जाऊन त्याचा हात धरायचा?

नाही. आचारसंहितेप्रमाणे तो प्रश्न विचारू शकतो, आणि त्या देशाच्या कायद्यात मनाई नसेल तर केंद्रावरच्या अधिकाऱ्याच्या नजरेला ती गोष्ट आणून देऊ शकतो. पण हुकूम सोडायचा नाही आणि कामात अडथळा आणायचा नाही. वेळ, जागा, साधारण किती मतपत्रिका, कोण कोण हजर होतं, अधिकाऱ्याने काय केलं, हे सगळं लिहायचं.

यामागे तीन कारणं आहेत. पहिलं : निवडणूक त्या देशाच्या नागरिकांची आहे. परक्याने हुकूम सोडले, तर उद्या हरलेला पक्ष म्हणेल, 'परदेशी लोकांनी निवडणूक फिरवली.' आणि त्याचं म्हणणं अगदीच खोटं ठरणार नाही. दुसरं : हस्तक्षेप केला की चूक त्या एका केंद्रावर थांबते आणि शेजारच्या केंद्रावर, जिथे कुणी पाहत नाही, तिथे चालू राहते. नोंद केली, तर पद्धत उघडी पडते. तिसरं कारण सुरक्षिततेचं. केंद्रावर तणाव असेल तर निरीक्षक, दुभाषी आणि मतदार सगळेच धोक्यात येतात. त्यातही दुभाषी आणि मतदार त्याच गावात राहणार असतात. निरीक्षक आठवड्यात विमानाने परत जातो.

निःपक्षपातीपणाचं बंधन कपड्यांपर्यंत जातं. युक्रेनमध्ये केशरी हा युश्चेंको यांच्या बाजूचा रंग होता आणि निळा यानुकोविच यांच्या बाजूचा. निरीक्षकाने दोन्ही रंगांचा स्कार्फ टाळायचा. ज्याचे आजी-आजोबा त्याच देशातून आलेले, त्याला स्वतःचं मत नसेल का? जरूर असतं. पण फॉर्ममध्ये त्या मताला रकाना नसतो. परीक्षेचा पेपर तपासताना आवडत्या मुलाचं अक्षर ओळखू आलं, तरी गुण उत्तरालाच द्यायचे असतात ना, तसंच हे.

६. पाहणाऱ्यांचीही मर्यादा असते

निरीक्षक आले म्हणजे सगळं ठीक, असा समज मुलांच्या मनात राहू देऊ नका. युक्रेनचंच उदाहरण घ्या. ज्या दुसऱ्या फेरीवर ओएससीईने ताशेरे ओढले, तीच फेरी रशिया आणि काही जुन्या सोव्हिएत देशांच्या गटाच्या निरीक्षकांनी योग्य ठरवली. एकच निवडणूक, दोन निरीक्षक गट, दोन उलट निष्कर्ष! मग विश्वास कुणावर ठेवायचा? देशाचं नाव पाहून ठरवू नका. पद्धत विचारा : किती केंद्रं पाहिली? कोणते प्रश्न विचारले? पद्धत आणि आकडे जाहीर केले का? न आवडणाऱ्या गोष्टीही लिहिल्या का?

दुसरं उदाहरण केनियाचं. ८ ऑगस्ट २०१७ ला अध्यक्षीय निवडणूक झाली. मतदान शांततेत झालं, रांगा मोठ्या होत्या, केंद्रांवरची व्यवस्था बरी होती. आंतरराष्ट्रीय निरीक्षकांनी पहिल्या निवेदनांत मतदानाबद्दल बऱ्यापैकी समाधान व्यक्त केलं. निकाल पाठवण्याचं काम तेव्हा अजून चालूच होतं, पण बातम्यांत ते निवेदन सगळ्या निवडणुकीचं प्रमाणपत्र असल्यासारखं पोहोचलं. १ सप्टेंबरला केनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध दोन अशा बहुमताने ती निवडणूक रद्द केली. मुख्य दोष कुठे सापडला? मतदानात नव्हे, तर केंद्रांवरचे निकाल वरपर्यंत पाठवण्याच्या आणि पडताळण्याच्या कामात.

म्हणजे जिथे माणसं उभी होती तिथलं त्यांनी पाहिलं होतं. बिघाड झाला तो जिथे डोळे कमी होते तिथे. दिवसभराची रांग दिसते, रात्री दोन वाजता संगणकात शिरलेला आकडा दिसत नाही. म्हणूनच 'मी काय पाहिलं' इतकंच 'मी काय पाहिलं नाही' हेही अहवालात ठळक लिहायला हवं. आणि म्हणूनच स्थानिक नागरिकांचं निरीक्षण परदेशी पाहुण्यांपेक्षा महत्त्वाचं ठरतं. ते संख्येने जास्त असतात, भाषा जाणतात आणि निवडणूक संपल्यावर तिथेच राहतात.

७. हे काम कुणाला करता येतं?

वरच्या वर्गातली मुलं विचारतील, "आम्हाला जाता येईल का?" खरं उत्तर द्या. ओएससीईचे निरीक्षक सदस्य देशांची सरकारं पाठवतात आणि भारत त्या संघटनेचा सदस्य नाही. युरोपीय संघाच्या पथकात प्रामुख्याने त्यांच्या सदस्य देशांचे नागरिक असतात. राष्ट्रकुलाच्या पथकात महासचिव अनुभवी लोकांना निमंत्रण देतात. भारतीयांसाठी जवळचा मार्ग म्हणजे आशियातल्या नागरी संस्थांचं जाळं असलेली, १९९७ पासून काम करणारी आणि बँकॉकहून चालणारी 'अॅनफ्रेल' ही संस्था. कार्टर सेंटरसारख्या संस्थाही वेगवेगळ्या देशांचे लोक घेतात. कॅनडा, ब्रिटन किंवा अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेले आपले मराठी नातेवाईक मात्र त्या देशांच्या यादीसाठी अर्ज करू शकतात.

काय लागतं? इंग्रजीत किंवा त्या भागातल्या भाषेत नेमकं लिहिता येणं, प्रवासाची आणि गैरसोयीची तयारी, निवडणुकीच्या कामाची माहिती आणि आपलं राजकीय मत आवरण्याची सवय. ड्युटी केलेल्या शिक्षकांकडे यातलं पुष्कळसं आधीच आहे, नाही का?

८. वर्गात कसं घ्याल?

*उपक्रम १ : पाहिलं, ऐकलं, वाटलं.* फळ्यावर तीन रकाने करा. पुढची वाक्यं मुलांना योग्य रकान्यात टाकायला सांगा.

• सकाळी ९ वाजून १० मिनिटांनी रांगेत ११ माणसं होती.

• लोक घाबरलेले होते.

• एक बाई म्हणाल्या, की त्यांचं नाव यादीत नव्हतं.

• एक पोलीस मतपेटीपासून हातभर अंतरावर उभा होता.

• केंद्राध्यक्ष एका पक्षाच्या बाजूचे होते.

'लोक घाबरलेले होते' यावर चांगली चर्चा होते. मुलांना विचारा, "घाबरलेले होते हे तुला कशावरून कळलं?" मग मूल म्हणतं, "ते हळू बोलत होते." झालं! 'ते हळू बोलत होते' हे पाहिलेलं. 'घाबरलेले होते' हे वाटलेलं. एवढा फरक ज्याला कळला, त्याला अर्धा विषय समजला.

*उपक्रम २ : वर्गप्रतिनिधीची निवडणूक.* सातवीची निवडणूक असेल तर आठवीची चार मुलं निरीक्षक नेमा. दोन-दोनच्या जोड्या करा, शक्यतो एकमेकांचे घट्ट मित्र नसलेल्या मुलांच्या. त्यांना दहा प्रश्नांचा फॉर्म त्यांच्याकडूनच तयार करून घ्या : पेटी रिकामी दाखवली का, चिठ्ठी गुप्त राहिली का, मोजणी सर्वांसमोर झाली का, वगैरे. नियम एकच : निवडणूक संपेपर्यंत सूचना द्यायची नाही, हसायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. नंतर प्रत्येक जोडीने पाच वाक्यांचा अहवाल वाचायचा आणि त्यातलं एक वाक्य 'आम्हाला हे पाहता आलं नाही' असं सुरू व्हायलाच हवं.

शिक्षकांसाठी एक सूचना : अहवालात तुमच्याबद्दल काही आलं, उदाहरणार्थ 'सरांनी चिठ्ठ्या मोजताना एका उमेदवाराचं नाव आधी घेतलं', तर तिथे मुलांना दटावू नका. 'नोंद बरोबर आहे' एवढंच म्हणा. शिक्षकाबद्दलही खरं लिहिता येतं आणि त्याने काही बिघडत नाही, हा अनुभव मुलांना कोणत्याही प्रकरणातून मिळणार नाही.

*पालकांसाठी घरचा उपक्रम :* पुढच्या मतदानाला जाताना मुलाला रांगेपर्यंत सोबत न्या. घरी आल्यावर त्याला विचारा, "तू काय काय पाहिलंस?" कुणाला मत दिलं हे सांगायचं नाही. काय पाहिलं तेवढंच बोलायचं. सूचनाफलक, रांगा, रॅम्प, शाई, किती वाजता काय झालं. पाच मिनिटांत कळेल, की मुलं मोठ्यांपेक्षा जास्त बारकाईने पाहतात.

चर्चेसाठी प्रश्न

१. डोनेत्स्कमध्ये फेरमतदानातही यानुकोविच यांनाच बहुसंख्य मतं मिळाली. मग फेरमतदान घेऊन काय उपयोग झाला?

२. निरीक्षक आणि पत्रकार यांच्या कामात कोणता फरक आहे?

३. निरीक्षक समोर असताना सगळे नियम पाळले गेले आणि तो गेल्यावर मोडले गेले, तर निरीक्षणाचा उपयोग काय? तुमच्या वर्गातल्या परीक्षेचं उदाहरण घेऊन उत्तर द्या.

४. दोन निरीक्षक गटांचे निष्कर्ष उलट आले, तर कोणते तीन प्रश्न विचाराल?

तिसऱ्या प्रश्नाला मुलं फार मजेशीर आणि फार प्रामाणिक उत्तरं देतात. ती जपून ठेवा. आणि उपक्रम घेतलात, तर मुलांनी तयार केलेले दहा प्रश्न इतर शिक्षकांनाही पाठवा. पुढच्या वर्षी प्रत्येक शाळेला फॉर्म नव्याने बनवावा लागणार नाही.